गोवंशीय क्षयजंतूंची जनुकीय ओळख

चोपडा परिसरात गोठा पुष्कळदा घरालाच लागून असतो. अशा घरात माणूस व गाय दोघांनाही क्षय जडल्यास जंतू एकच की भिन्न, हे ट्युबरक्युलिन चाचणीने कळत नाही. त्यासाठी जंतूचा जनुकीय प्रकार पाहावा लागतो. १९९७ पासून रूढ झालेल्या 'स्पोलिगोटायपिंग' पद्धतीत डीएनएतील ४३ ठरावीक खंडांची उपस्थिती तपासतात. 'मायकोबॅक्टेरियम बोव्हिस'मध्ये ३९ ते ४३ हे खंड नसतात. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. पायराझिनामाइड हे क्षयाचे नेहमीचे औषध बोव्हिसवर निसर्गतःच निष्प्रभ ठरते. दूध उकळण्याची आपली रीत इष्टच, परंतु गोठ्यातील श्वासावाटे होणारा संसर्ग तिने थांबत नाही. वेल्लोर येथील रुग्णनमुन्यांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र बोव्हिस आढळलाच नाही. आढळला तो 'मायकोबॅक्टेरियम ओरिजिस'. भारतीय गुरांतही तो सापडला आहे. तेव्हा येथे केवळ बोव्हिसचा शोध घेणे अपुरे होय.