पियानोची तडजोड

सोलापुरातल्या आमच्या शाळेत नववीला ध्वनीचा पाठ शिकवताना आम्ही मोझार्टच्या एका पियानो-सोनाट्याचे ध्वनिमुद्रण वर्गात लावले. सोनाटा म्हणजे बहुधा तीन-चार भागांची वाद्यरचना. हा १७८८ सालचा, नवशिक्यांसाठी लिहिलेला. ऐकून झाल्यावर गाणे शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, पेटी तंबोऱ्याशी भांडते असं आमच्या बाई म्हणतात. पियानोही पट्ट्यांचाच, मग तो का बेसूर वाटत नाही?"

प्रश्न रास्त होता. भांडण कुठे आहे ते आधी पाहू.

तंबोऱ्याची षड्जाची तार २४० हर्ट्झला लावली, तर तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे सूक्ष्म स्वरही निघतात. पाचपट म्हणजे १२००. तो दोन सप्तके खाली आणला की ३००. हा तंबोऱ्याचा आपोआप उमटणारा गंधार. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक स्वर मागच्याच्या सुमारे १.०५९५ पट. त्या हिशेबाने गंधार येतो ३०२.४ वर. त्याची चौपट १२०९.५, षड्जाची पाचपट १२००. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा विस्पंद होतात आणि कानाला थरथर जाणवते. पंचम मात्र ३६० ऐवजी ३५९.६ येतो, म्हणून तो खटकत नाही.

मग ही तडजोड कशासाठी? या सोनाट्याच्या पहिल्याच भागात उत्तर आहे. सुरुवातीचा षड्ज थोड्या वेळाने सुटतो आणि पंचमालाच षड्ज मानून दुसरी धून सुरू होते. पुढे पहिली धून मध्यमाला षड्ज करून परतते. आता गणित करा. २४० च्या षड्जाचा शुद्ध धैवत ४००. पण ३६० चा पंचम षड्ज झाला, तर तोच धैवत त्याचा रिषभ होतो, आणि शुद्ध रिषभ हवा ४०५. गायक गळ्याने ५ हर्ट्झ सरकवील, ताणून बसवलेली तार काय करणार? आजचा पियानो दोघांच्या मधला ४०३.६ देतो. (मोझार्टच्या काळी तारा लावण्याच्या इतर पद्धतीही होत्या.)

राहिला मुलीचा प्रश्न. पियानोत हातोडी तारेवर आपटून मागे येते आणि स्वर लगेच विरू लागतो. थरथर जाणवेपर्यंत पुढचे स्वर आलेले असतात. पेटीचा स्वर भाता हलतोय तोवर टिकतो, शेजारी तंबोरा अखंड चालू असतो, आणि आपले गाणे एकाच षड्जावर तासभर ठाण मांडते. तडजोडीचा फायदा नाही, तोटा तेवढा पदरात! हा राग ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घालण्यापर्यंत गेला. ती १९७१ पासून सैल झाली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर त्याआधीच, १९१० साली, बावीस श्रुतींवर पुस्तक काढले होते आणि श्रुतींची पेटी करवून घेतली होती.

वर्गात करून पाहा. पेटीच्या खर्ज सप्तकात पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबा: सेकंदाला साधारण पाच विस्पंद. पांढरी एक आणि पांढरी पाच: दोन सेकंदांत जेमतेम एक. आमच्या प्रार्थनेच्या पेटीवर दुसऱ्या जोडीचेच तीन भरले. तिचे रीड जुळवून घ्यायला झाले होते.