उसना ब्रेक, उसने चाक

जुन्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक बदलणे म्हणजे बहुतेक वेळा पुढचे अख्खे चाकच बदलणे. ड्रम हा हबचाच भाग, हब स्पोकने रिमला बांधलेला आणि शू ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट फोर्कच्या पायात अडकवलेली. यातले एक सुटले की बाकीचे मागोमाग येते. ‘नुसता ब्रेक बदलायचाय’ असे सांगून गॅरेजात लावलेली गाडी अख्खा पावसाळा तिथेच का राहते, त्याचे कारण हे.

हा खटाटोप कशासाठी, हे सपाट शहरात पटत नाही. वरई फाट्यावरून सफाळ्याकडे येताना तांदुळवाडी घाट लागला की पटते. गाडी आणि स्वार मिळून २४५ किलो धरले, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगावरून पूर्ण थांबताना ब्रेकला जेवढी ऊर्जा पचवावी लागते, तिच्या सुमारे सातपट ऊर्जा नुसते १०० मीटर उंची उतरताना मोकळी होते. त्यातली काही वारा खातो, काही इंजिन खाते. पण इंजिनाचा वाटा गाडीगणिक वेगळा. बुलेट फोरस्ट्रोक, खालच्या गिअरमध्ये टाकली की स्वतःच अडून उतरते. जावा, येझदीचे टूस्ट्रोक इंजिन उतारावर फारसे धरत नाही. शिवाय पेट्रोलात तेल मिसळून चालणारे ते इंजिन थ्रॉटल बंद ठेवून फिरवत राहिले तर पेट्रोलाबरोबर तेलही आटते. म्हणून जुने जावावाले उतारावर मधूनमधून क्लच दाबतात आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

जोरात थांबताना वजन पुढे झुकते आणि अडवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाकडे जाते. तरीही ‘पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते’ हा समज दोन पिढ्यांनी मनोभावे जपला. परिणामी पुढच्या ब्रेकची केबल वर्षानुवर्षे सुकी, कॅमची पिन गंजलेली, लाइनर काचेसारखे गुळगुळीत. असल्या ब्रेकला नावे ठेवून दुसऱ्या गाडीचे चाक शोधायला निघणाऱ्यांनी आधी आहे तो ब्रेक उघडावा. निम्म्या गाड्यांचे समाधान तिथेच होईल. उघडताना एक पथ्य: जुन्या लाइनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

साध्या ड्रममध्ये दोन शू आणि एक कॅम. ड्रमच्या फिरण्याबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो तो लीडिंग शू, उलट ढकलला जातो तो ट्रेलिंग. कामाचा मोठा वाटा एकटा लीडिंग शू उचलतो. ट्विन लीडिंग ब्रेकमध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम असतो आणि दोन्ही कॅमच्या दांड्या बाहेरून एका लिंक रॉडने जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही शू लीडिंग होतात. तेवढ्याच बोटांच्या जोरात पकड कितीतरी वाढते. त्याची किंमत उलट दिशेने मोजावी लागते. घाट चढताना पुढे एसटी अडली, गाडी थांबली आणि मागे सरू लागली की दोन्ही शू एकदम ट्रेलिंग होतात आणि लिव्हर कितीही आवळली तरी ब्रेक नीट धरत नाही. अशा वेळी मागचाच ब्रेक दाबावा लागतो. प्लेट उलट्या बाजूच्या चाकाला लावली तर हीच गत पुढे जाताना होते. डाव्या-उजव्याचा हा घोळ घालून ‘ट्विन लीडिंगमध्ये काही दम नाही’ म्हणणारे ठिकठिकाणी भेटतात.

विलायतेत हे अदलाबदलीचे शास्त्र जुने आहे. ट्रायम्फने १९६८ साली मोठ्या गाड्यांना आठ इंची ट्विन लीडिंग दिला आणि आधीच्या ट्रायम्फना तो बसवण्याची रीतच पडली. भारतात भांडार लहान होते. एसएचएल या पोलिश गाडीवरून आलेल्या राजदूत १७५ ला या हकिकतीत फारसे स्थान नाही; तिचे चाक कोणी मागत नाही. जावा म्हैसूरला १९६१ पासून बनू लागली, पुढे येझदी नाव घेऊन १९९६ पर्यंत चालली. जुन्या जावाचे चाक १६ इंची, रुंद अॅल्युमिनियमच्या हबचे, दिसायला देखणे. येझदीची रोडकिंग १८ इंचावर गेली. जावाला १८ इंची चाक घालताना पहिली अडचण ब्रेकची नसून त्या खोल, गोलसर मडगार्डची असते. त्रिज्या जवळजवळ दोन सेंटीमीटरने वाढते आणि मडगार्ड टायरवर बसतो. मग मडगार्ड कापतात. तिथे गाडी संपली.

बुलेट १९५५ पासून मद्रासेत जोडली जाऊ लागली. तिचा जुना सहा इंची साधा ब्रेक त्या काळच्या रिकाम्या रस्त्यांना पुरत होता. कंपनीनेच पुढे सात इंची ट्विन लीडिंग आणला, आणि जुन्या बुलेटला हेच चाक सर्वांत शहाणपणाचे. घराणे एक असल्याने जुळवाजुळव कमी करावी लागते. मात्र चाक, प्लेट, एक्सल, केबल आणि लिव्हर असा पूर्ण संच एकाच गाडीचा घ्यावा.

खरे प्रेम मात्र राजदूत ३५० च्या ड्रमवर करावे. यामाहाच्या आरडी ३५० बी ला परदेशात पुढे डिस्क होती. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती गाडी इथे आणताना इंजिनाची ताकद उतरवली आणि खर्च आवरण्यासाठी डिस्कच्या जागी सात इंची ट्विन लीडिंग ड्रम दिला. मूळ ३९ अश्वशक्तीवरून ‘हाय टॉर्क’ आवृत्ती साडेतीस आणि ‘लो टॉर्क’ आवृत्ती २७ वर आली, तरी ज्या देशात शंभर सीसीला वेग म्हणत तिथे ही गाडी वाऱ्यासारखी वाटली. डिस्क गेली म्हणून तेव्हा नाके मुरडणारे पुष्कळ होते. गंमत अशी की गाडी पेट्रोल फार पिते म्हणून विकली गेली नाही, दशक सरता सरता बंद झाली, भंगारात गेली, आणि तिचा तो नावडता ड्रम मागे उरला. ओतीव अॅल्युमिनियमचा हब, आत लोखंडी लाइनर, प्लेट भक्कम, दोन्ही कॅमला जाड बुश. मुंबईच्या दोन टाकीला आणि पुण्याच्या नाना पेठेत या हबचे मोल ओळखणारे ओळखत होते. अठरा इंची रिमवर बांधलेला हा ड्रम रोडकिंगला शोभतो. एकोणीस इंची रिम बांधून घेतली तर बुलेटलाही.

या ड्रमची तक्रार येते ती जवळजवळ नेहमी लिंक रॉडची. रॉडची लांबी अंदाजाने ठेवली की एक शू आधी टेकतो, दुसरा नुसता सोबतीला असतो. रॉडच्या एका टोकाची पिन काढावी, पहिला कॅम हाताने फिरवून शू टेकेपर्यंत न्यावा आणि तिथेच धरून ठेवावा, दुसऱ्याचेही तसेच करावे, आणि त्या स्थितीत पिन सहज सरकेल इतकी रॉडची लांबी जुळवावी. दहा मिनिटांचे काम. त्यासाठी ब्रेक बदनाम झाला.

बसवताना पहिला प्रश्न एक्सलचा. इथे बेअरिंगचे आकडे कामाला येतात. ६२०२ आणि ६३०२ या दोन्हींचे आतले भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास मात्र अनुक्रमे ३५ आणि ४२. ६२०३ चे भोक १७, बाहेर ४०. आकडे नीट जुळवले तर फोर्कला हात न लावता नुसते बेअरिंग आणि बुश बदलून भागते. फोर्कचे भोक मोठे करणारा कारागीर टाळावा. दुसरा प्रश्न प्लेट अडकवण्याचा. ब्रेक लागला की प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तिला फोर्कवरच्या खाचेत किंवा टॉर्क आर्मने रोखलेले असते. हा आधार सुटला तर केबल गुंडाळली जाते आणि चाक जागीच अडते. इथे पत्र्याची पट्टी आणि एक बोल्ट लावून गाडी देणारे गॅरेज असेल, तर दुसरे गाठावे. तिसरा मुद्दा मध्यरेषेचा: एका बाजूला ड्रम असलेल्या हबमध्ये रिम हबच्या मध्यावर नसते, फोर्कच्या मध्यावर असावी लागते. म्हणून स्पोक बांधण्याआधी माप फोर्कवरून घ्यायचे.

स्पोक बांधणे हे या सगळ्या उद्योगाचे मर्म. मोठ्या ड्रमची कड रिमच्या जवळ येते, म्हणून स्पोक आखूड लागतात, जुने चालत नाहीत. छत्तीस स्पोक आवळले की रिमचा आऊट निघतो, पण तोच ताण हबलाही ओढतो आणि ड्रम किंचित लंबगोल होतो. म्हणून ड्रम चाक बांधून झाल्यावरच लेथवर चढवावा. आधी ड्रम घासून मग चाक बांधणाऱ्यांचा एक पंथच आहे. त्यांच्या गाड्या थांबताना लिव्हर बोटांखाली धडधडते आणि ते रस्त्याला दोष देतात. एकोणीस इंची रिमसकट चाक फिरवायचे तर गॅप बेडचा लेथ लागतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात असे लेथ आहेत, गाठ पडायला हवी ती चाक मध्यावर धरून बारीक काप घेणाऱ्या हाताशी. पहिला काप ड्रमच्या दोनच जागी चकाकतो, समोरासमोर. मधला भाग काळाच राहतो. लंबगोल म्हणजे काय ते तेव्हा दिसते. चकाकी सगळीकडे सारखी आली की थांबायचे. त्यानंतर जाड लाइनर लावून शू त्याच व्यासाला घासून घ्यायचे.

लिव्हर, केबल आणि मीटर यांना थोडक्यात आटपता येते. दोन कॅमना केबल जास्त ओढावी लागते, म्हणून लिव्हरही त्याच गाडीची हवी. मीटर पुढच्या चाकावरून चालत असेल, तर १९ ऐवजी १८ इंची चाक घातल्यावर घेर सुमारे सहा टक्क्यांनी घटतो आणि खऱ्या ५० ला काटा ५३ दाखवतो. गाडीचे नाकही दोनएक सेंटीमीटर खाली येते, हँडल चंचल होते.

आता डिस्कवाल्यांविषयी. डिस्क भारतात ऐंशीच्या दशकातल्या एनफिल्ड फ्यूरीनेच दाखवली होती, पण १९९९ ची सीबीझी आणि २००१ ची पल्सर यांच्यानंतर ती भंगारात मुबलक झाली. तेव्हापासून जावाच्या फोर्कला कॅलिपर टांगणे ही सुधारणा समजली जाते. डिस्क चांगली थांबवते यात वाद नाही. वाद फोर्कचा आहे. एकाच पायावर कॅलिपर आला की सगळा झटका त्या पायाला बसतो, आणि जुना बारीक फोर्क पिळतो. त्यात कॅलिपरची पट्टी अॅल्युमिनियमच्या ओतीव पायाला वेल्ड केलेली असली तर एक दिवस ती ओतकामासकट सुटते. बुलेटला कंपनीनेच पुढे डिस्क दिली. तिचा फोर्क, चाक आणि मास्टर सिलिंडर सगळेच घेणाऱ्याशी भांडण नाही.

किनाऱ्याचा त्रास वेगळा. केळवे, एडवण, दातिवऱ्याच्या खाऱ्या हवेत क्रोमची रिम आतून फुगते, निपल स्पोकला चिकटतात, अॅल्युमिनियम आणि लोखंडी लाइनरच्या सांध्यात पांढरी बुरशी धरते. पावसाळ्याआधी निपलवर तेलाचा एकेक थेंब पुरतो, पण तेवढे करायलाही कोणी राहिलेले नाही. अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर आले आणि स्पोक बांधणारा माणूस गावातून गेला. आज बाजारात राजदूतच्या हबची नक्कल मिळते. तिचा लाइनर बारीक, बुश नावापुरते, आणि वरचे पॉलिश मात्र आरशासारखे. समाजमाध्यमांवर तिच्या फोटोंना वाहवा मिळते. फोटोत ब्रेक लावावा लागत नाही.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफाराचे आहे, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना विंटेजचा दर्जा दिला: ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, नवी नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला मनाई. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी त्यात अट आहे. चाकाचे नाव तिथे नाही, पण म्हणून ५२ वे कलम गळून पडत नाही. सरळ मार्ग असा की मूळ चाक प्लेट, शू, एक्सल आणि केबलसकट, स्पोकही न सोडता, तेल लावून माळ्यावर ठेवावे आणि फोर्कला कुठेही काप, भोक, वेल्ड करू नये. मग कोणत्याही तपासणीआधी अर्ध्या दिवसात गाडी पूर्ववत होते. साठच्या दशकातल्या जावा या दर्जाला केव्हाच पात्र झाल्या. १९८३ ची पहिली राजदूत ३५० तिथे पोहोचेल २०३३ मध्ये, आणि तेव्हा तिच्या मालकाला स्वतःचाच ड्रम बाजारात शोधावा लागेल.