अक्षता पडल्या की डिस्क अडते

धुळ्याच्या मावशीकडे एक डीव्हीडी आहे, मावसबहिणीच्या 2006 मधल्या लग्नाची. हळद नीट दिसते, वरात नीट दिसते, मंगलाष्टकंही रंगात येतात. मग 'सावधान' होतं, अक्षता उडतात आणि पडद्यावर चौकोन फुटतात. आवाज तुटतो, प्लेअर घरघरत जागीच थांबतो. मावशीने तीन प्लेअर बदलले. शूटिंगवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं, 'माझ्या कॉम्प्युटरवर तर मस्त चालते.' तो खोटं बोलत नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षं गेली.

जळगाव-धुळ्याच्या घरांतल्या कपाटांत अशा अडणाऱ्या डिस्क बऱ्याच निघतील. त्याआधीच्या व्हीसीडीची मात्र अशी तक्रार नसायची. खानदेशाला घरगुती व्हिडिओचा नाद जुना. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' केला. अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी तर बाजारात, जत्रेत विकल्या जायच्या. व्हीसीडीचं चित्र पुसट असायचं, पण तिचा वेग ठरलेला होता. चित्राला सेकंदाला 1,150 किलोबिट आणि आवाजाला 224, त्यात कमीजास्त नाही. शूटिंगवाल्याला काही ठरवायचंच नसल्याने चुकायलाही जागा नव्हती.

डीव्हीडीने ती मोकळीक दिली आणि चुकायची सोयही केली. साध्या कोऱ्या डिस्कवर 4.7 अब्ज बाइट मावतात, म्हणजे 37,600 मेगाबिट. तीन तासांचं लग्न भरायचं तर सेकंदाच्या वाट्याला साडेतीन मेगाबिटही येत नाहीत आणि चित्र मळकट होतं. दोन तासांत सव्वापाच येतात, ते बरं दिसतं. हा हिशेब प्रत्येक मिक्सिंगवाल्याला तोंडपाठ होता, कारण डिस्क भरली की कॉम्प्युटर लगेच ओरडतो.

दुसरी मर्यादा जागेची नाही, वेगाची आहे. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त 9.8 मेगाबिट आणि चित्र, आवाज, सबटायटल सगळं धरून 10.08. तासाभराच्या कार्यक्रमाने डिस्क काठोकाठ भरायची म्हटलं तर 10.4 मेगाबिट लागतात. म्हणजे छोट्या कार्यक्रमात डिस्क अर्धी रिकामी राहिली तरी ती रिकामीच सोडायची असते. हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. अर्धी कोरी डिस्क पाहून 'आमचं निम्मं लग्न कुठे गेलं?' असं विचारणारे यजमान मी स्वतः पाहिले आहेत.

मावशीच्या डिस्कचं लग्न जेमतेम पन्नास मिनिटांचं. जागा भरपूर, म्हणून चित्राची कमाल 9.8 वर लावलेली. तिथवर ठीक होतं. पण आवाज न दाबता तसाच, पीसीएममध्ये ठेवला होता, आणि तो एकटाच दीड मेगाबिट खातो. अचूक सांगायचं तर 1.536. बेरीज 11.3 च्या वर गेली. डीव्हीडीचा एकपट वाचण्याचा वेगच 11.08 आहे. काही सॉफ्टवेअर अशा वेळी अडवतात, काही नुसता इशारा देतात, आणि लग्नसराईत इशारे कोण वाचतो!

मग हळद का चालली? कारण डीव्हीडीवर चित्र दाबून ठेवणारी एमपीईजी-2 पद्धत दर वेळी सगळं चित्र नव्याने साठवत नाही. मागच्या चित्रापेक्षा जे बदललं, बहुतेक तेवढंच लिहिते. पाटावर बसलेली नवरी तिला स्वस्तात पडते. अक्षता मात्र शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वर फ्लॅशचा लखलखाट. मागच्या चित्रातलं काहीच उपयोगी पडत नाही. बँडवरचे लुकलुकते दिवे, उधळलेली फुलं यांचंही तेच. श्रावणातल्या कानबाईच्या जागरणात तर कुणी हललं नाही तरी बिट लागतात, कारण अंधारात कॅमेऱ्याने टिपलेले रवाळ ठिपके सॉफ्टवेअरला हालचालच वाटतात. थोडक्यात, ज्या क्षणासाठी डिस्क काढायची, नेमका तोच सगळ्यात महाग. असा झटका झेलायला प्लेअरजवळ चित्रासाठी साठा असतो 18,35,008 बिटचा, आठ मेगाबिटच्या वेगाने पाव सेकंदही न पुरणारा.

आणि कॉम्प्युटर? त्याचा ड्राइव्ह डिस्क कितीतरी पट वेगाने वाचतो, फाइल हार्ड डिस्कवर असेल तर प्रश्नच मिटला. टीव्हीखालचा प्लेअर गरजेपुरताच वाचतो, त्यात घरी राइट केलेल्या डिस्कवरून किरण छापील डिस्कपेक्षा कमी परततो, त्यामुळे वाचताना चुका वाढतात. म्हणूनच जाणते लोक 9.8 ची परवानगी असूनही आठच्या आसपास थांबायचे आणि आवाज डॉल्बीत 192 किंवा 224 किलोबिटवर ठेवायचे.

खरा उपाय दोन फेऱ्यांचं रेंडर. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं लग्न नुसतं पाहून घेतं, दुसऱ्या फेरीत पाटावरच्या नवरीचे बिट वाचवून अक्षतांना देतं. वेळ जवळपास दुप्पट. भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्रभर चालणारं रेंडर पहाटे वीज गेली की पाण्यात जायचं. मग एका फेरीत, बिटरेटची कमाल मोठी लावून काम उरकलं जाई. मला यात शूटिंगवाल्याचा आळस दिसत नाही. त्याच्याकडे यूपीएस होता पंधरा मिनिटांचा.

गेल्या मे महिन्यात मावशीची डिस्क जळगावला आणली. मूळ मिनीडीव्ही कॅसेट मिळणार नव्हती; तिच्यावर त्याच सीझनला दुसरं लग्न चढलं होतं. त्यामुळे चित्राला हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण पुन्हा दाबलं की ते आणखी बिघडतं. फाइली कॉपी केल्या, चित्र आणि आवाज वेगळे केले, पीसीएमचा 192 किलोबिटचा डॉल्बी केला, पुन्हा जोडलं. 9.8 अधिक 0.192, म्हणजे 9.992. नियमात बसलं, तेही काठावर. चांगल्या कंपनीची कोरी डिस्क घेतली आणि चारपट वेगाने राइट केली.

धुळ्याला मावशीच्या त्याच प्लेअरमध्ये घातली. 'सावधान' झालं. अक्षता पडल्या, पडतच राहिल्या, आणि त्यांच्यामागे कडेला उभे असलेले काका दिसले, जे 2011 मध्ये गेले. मावशीने रिमोट हातात घेतला आणि तेवढाच भाग मागे नेला.

'आते चालनी,' ती म्हणाली, आणि पुन्हा मागे नेला.