कार्तिकाआधीचा ऑइलपेंट

गेल्या उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या, कौंडण्यपूरच्या घरातल्या स्वयंपाकघराची फडताळं निघाली. भिंतीत बसवलेली, सागवानी चौकटीची, जाड फळ्यांची. भंगारवाल्यानं ती लाकडाच्या भावानं नेली. त्यांच्या जागी मॉड्युलर किचन आलं. पहिल्याच पावसाळ्यात बेसिनखालच्या कप्प्याचा तळ फुगला आणि वरचं सनमायका कडेनं उचकटलं. दुकानदार म्हणाला, पाणी लागू द्यायचं नव्हतं. स्वयंपाकघरात! आता घरात चर्चा चालू आहे ती नव्या कपाटांना रंग देता येईल का याची. शहरात हल्ली तशी टूमच निघाली आहे म्हणे: जुनं काढू नका, रंगवा. आम्ही तेच करत होतो, पण तेव्हा त्याला टूम म्हणत नसत, परिस्थिती म्हणत.

फार मागचं सांगण्यात अर्थ नाही. कौंडण्यपूरचा विषय निघाला की लोक थेट रुक्मिणीहरणापासून सुरू करतात. पंढरपूरला जाणाऱ्या इथल्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. १९६० च्या दशकात मो. गं. दीक्षितांनी इथे उत्खनन केलं आणि गावाखालची जुनी वस्ती उजेडात आली. फडताळांच्या इतिहासात मात्र १९८० पर्यंत काही घडलंच नाही. दिवाळीला भिंतींना चुना, जमिनीला शेण. दारांवर कुणी फार तर तेलाचं फडकं फिरवी. चुलीच्या धुरात रंग लावून करायचं काय? होळीपर्यंत तो काजळीखाली गेलेला असे.

रंग स्वयंपाकघरात शिरला तो स्टोव्ह आणि गॅसच्या मागोमाग. आमच्याकडे सिलिंडर आलं १९८३ च्या सुमाराला, आणि तिथून पुढची दहा वर्षं मला आजही वासासकट आठवतात.

गावाला खरी घाई दिवाळीपेक्षा कार्तिकाची. यात्रा, दहीहंडी, दिंड्या, घरोघर पाहुणे. रुक्मिणीच्या माहेरी आलेली प्रत्येक बाई आमच्याही स्वयंपाकघरात डोकावून जायची, त्यामुळे रंग त्याआधी वाळलेला हवा. आणि पैसे? कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ पासून सुरू होती. भाव ठरलेला, पण चुकारा हाती पडायला उशीर. तेव्हा नवं कपाट ही बोलण्याचीसुद्धा गोष्ट नव्हती. रंगाचा डबा मात्र नदीपलीकडे आर्वीच्या बाजारात उधार मिळायचा, कापूस निघाल्यावर देण्याच्या बोलीवर.

रंगारी गावचाच. तो आधी सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून अंगणात आडवी टाकायचा. मग धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं घासून चिकटा काढायचा. फोडणीचा तो पिवळा, बोटाला ओढणारा थर गेल्याशिवाय तो ब्रशला हात लावत नसे. चिकट्यावर मारलेला रंग पोपडा होऊन येतो, हे त्याचं पहिलं कलम. मग खरवडणं, पॉलिश पेपर, खड्ड्यांत लांबी. ती तो घरीच मळायचा, खडूची पूड आणि जवसाचं तेल घालून; जवस आमच्याच शेतातला. त्यावर गुलाबी अस्तर, एक हात, पुन्हा हलका कागद, दुसरा हात. दोन हातांच्या मध्ये पुरता एक दिवस. कुणी घाई केली की तो सरळ बिडी पेटवून बसायचा.

माझी आई एकदा कंटाळून म्हणाली, मोडून नवीच करू. तो म्हणाला, "वयनी, लाकूड नाई मरत, रंग मरते. रंगच बदलवा."

ते दोन-तीन दिवस स्वयंपाक अंगणात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे आणि वांग्याची भाजी. एरवी पाहुणे आले की व्हायचा तो बेत, आम्हाला रंगाच्या निमित्तानं मिळायचा. सगळे डबे ओसरीवर, आणि पुढे आठवडाभर वरणालाही टर्पेंटाइनचा वास.

त्या वर्षांचे मी गोडवेच गाणार नाही. आमचं आवडतं पिवळं बहुधा शिशाचं असणार. तेव्हाच्या भडक पिवळ्यात लेड क्रोमेट सर्रास असे, आणि कोरड्या कागदानं तो जुना थर घासताना उडणारी पूड आम्ही मुलं खुशाल अंगावर घेत होतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आला २०१६ मध्ये आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हा जुनी दारं कुणी खरवडणार असेल तर ओल्या कागदानं खरवडा, आणि पोरांना लांब ठेवा.

आणखी एक खोड त्या रंगाची. एका साली आईनं हौसेनं पांढरा लावला. खिडकीची झडप वर्षानुवर्षं पांढरीच राहिली. फडताळाच्या दारांची आतली बाजू मात्र तुपासारखी पिवळी पडत गेली. तेलाच्या रंगाला उजेड मिळाला नाही की तो पिवळा पडतो. आमच्या मुंबईच्या आतेबाईंनी याचा अर्थ काढला की आमच्याकडे पुसापुशी होत नाही. वर भरल्या पंगतीत विचारलं, "अजून रंगच मारता का गं तुम्ही?" त्यांच्या घरी तेव्हा प्लायवूड आलं होतं. ते प्लायवूड पुढे वाळवीनं खाल्लं. मला वाईट वाटल्याचं मी तेव्हा पत्रानं कळवलं होतं. वाटलं नव्हतं.

१९९५ नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. टाइल्स आल्या, सनमायका आलं, खरेदी योजना मोडकळीला आली. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तशा मास्तरांच्या घरी स्टीलच्या ट्रॉल्या आल्या. फडताळ असणं हे जमीन पडीक असल्यासारखं लाजिरवाणं झालं. दुकानदार सांगत होते की जुन्यात झुरळं होतात. झुरळं ट्रॉलीच्या चॅनेलमध्येही सुखानं नांदतात, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि बायकांनी स्वयंपाकघर आपल्या मनासारखं मागितलं यात चूक काय, हेही मला मान्य आहे. माझा राग आहे तो सागवान देऊन भुसा विकत घेण्यावर. लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा मूळ मापाला येत नाही. सागवानी दार पावसाळ्यात अडायचं. रंधा फिरवला की चालू.

माजघरातलं जाळीचं कपाट तेवढं मी वाचवलं, दुधा-तुपाचं. त्याला रंग द्यावा म्हणून रंगाऱ्याच्या मुलाला बोलावलं. तो आता रोलरनं भिंती करतो, चौरस फुटाच्या भावानं. त्यानं दार उघडलं, जाळीच्या पट्ट्या बोटानं मोजल्या, बिजागऱ्या पाहिल्या. म्हणाला, "ताई, हे हातानं घासाव लागते. याच्या मजुरीत नवं येईन तुमचं." मी म्हटलं, मजुरी देते. त्यानं मान हलवली, खिशातून मॉड्युलरवाल्याचं कार्ड काढलं आणि माझं नाव सांगा म्हणाला, डिस्काउंट भेटते.