ओढा सरळ केला तर?

धाराशिव जिल्ह्यात तेरखेड्याजवळ तेरणा नदी उगम पावते. पुढे तिच्याच काठी तेर, म्हणजे प्राचीन तगर, वसले आहे. नदी व गावे यांची नावे अशी एकमेकांत गुंतलेली असतात. लहान ओढ्यांच्या खुणाही शेतांच्या नावांत राहतात. जसे, डोहाचे शेत, वळणाची पट्टी. ओढा सरळ केला, की डोह आणि वळण जाते. नाव तेवढे उरते.

आणखी काय जाते? समजा, १५०० मीटर वळणे घेत एक ओढा ६ मीटर खाली उतरतो. म्हणजे उतार हजार मीटरला ४ मीटर झाला. तोच ओढा सरळ करून १००० मीटरचा केला, तर उतार ६ मीटर होतो. पाणी वेगाने धावते, तळ खरवडते. या भागातील काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि मुरमातून सावकाश मुरते. तेवढा वेळच त्याला मिळत नाही.

२०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात राज्यात अनेक नाले खोल व रुंद केले गेले. अशा कामांत वळणे राखणे म्हणूनच महत्त्वाचे.

मित्रांनो, गावातील वडीलधाऱ्यांना शेतांची जुनी नावे विचारा व ओढ्याच्या आजच्या वाटेशी ताडून पाहा. नाव डोहाचे, पण डोह नाही, अशी जागा सापडली, तर तेथे पूर्वी पाणी थांबत असण्याचा संभव आहे.