बाटली, बंदूक आणि इतिहासाचा दाखला

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याने १८६५ च्या नोव्हेंबरात एक कायदा केला. यादवी युद्ध संपून जेमतेम सात महिने झाले होते. गुलामगिरी मोडली होती. निदान तसे जाहीर झाले होते. या कायद्याच्या एका कलमात म्हटले होते की, कोणा गोऱ्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाला बंदूक, खंजीर, दारूगोळा किंवा मद्य विकले, उसने दिले वा नुसते देऊन टाकले तरी त्याला पन्नास डॉलरपर्यंत दंड होईल आणि तीस दिवसांपर्यंत कैदही होऊ शकेल. बंदूक आणि बाटली एकाच वाक्यात! (आपल्या भाषेत पिण्याच्या आणि उडवण्याच्या दोन्ही वस्तूंना ‘दारू’च म्हणतात, हा योगायोग.) त्याच कायद्याने कृष्णवर्णीयाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मनाई केली होती. गोऱ्याने किती प्यावे आणि किती बंदुका ठेवाव्यात, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

हे जुने कलम उकरून काढण्याला कारण आहे. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात एक नवी कसोटी घालून दिली. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला आहे. या हक्कावर सरकारला मर्यादा घालायची असेल, तर तशा प्रकारची मर्यादा देशाच्या इतिहासात आणि परंपरेत होती, हे सरकारने दाखवले पाहिजे. म्हणजे कायदा आज हिताचा आहे काय, हा प्रश्न मागे पडला. आजोबा-पणजोबांनी काय केले होते, हा पुढे आला. दोन वर्षांनी, २०२४ च्या रहीमी खटल्यात, अगदी तंतोतंत जुळा कायदा सापडण्याची गरज नाही, तत्त्व जुळले तरी पुरे, अशी थोडी सूट न्यायालयाने दिली.

या कसोटीवर लगेच चढला तो १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यातील एक नियम. नियंत्रित अमली पदार्थाचे बेकायदा सेवन करणाऱ्याने किंवा व्यसनी माणसाने बंदूक बाळगणे हा त्यान्वये केंद्रीय गुन्हा आहे. २०२२ पासून त्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गांजा अनेक राज्यांनी खुला केला आहे, पण केंद्राच्या कायद्याने तो नियंत्रित पदार्थच आहे. १७९१ साली गांजा ओढण्याविरुद्ध कायदा नव्हता. मग तुलना कशाशी करायची? न्यायालये वळली दारूकडे. पूर्वज किती पीत होते आणि पिणाऱ्यांच्या बंदुका काढून घेत होते काय, याची चौकशी वकील आणि न्यायाधीश करू लागले.

पूर्वज भरपूर पीत होते. इतिहासकार रोराबॉ यांच्या हिशेबाप्रमाणे १८३० च्या सुमारास पंधरा वर्षांवरील प्रत्येक अमेरिकन माणशी वर्षाला सात गॅलन, म्हणजे सव्वीस लिटरच्या वर शुद्ध अल्कोहोल रिचवीत होता. आजच्या जवळजवळ तिप्पट. राष्ट्रपिता जॉर्ज वॉशिंग्टन यांनी निवडणुकीत मतदारांना दारू पाजली होती. पुढे माउंट व्हर्नन येथे त्यांची स्वतःची भट्टी होती आणि १७९९ साली तिच्यातून सुमारे अकरा हजार गॅलन व्हिस्की निघाली. त्या भट्टीवर राबणारे सहा जण गुलाम होते. १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातले शेतकरी बंदुका घेऊन उठले. १७९४ साली हे बंड मोडायला वॉशिंग्टन स्वतः सैन्य घेऊन निघाले. पण राजद्रोहाबद्दल दोषी ठरलेल्या दोघांनाही शेवटी माफी मिळाली.

दारू आणि बंदूक यांचा एकत्र विचार करणारे कायदे होते, पण कसे? व्हर्जिनियाने सतराव्या शतकाच्या मध्यास पानगोष्टीत बंदुका उडवायला बंदी घातली. लग्न आणि अंत्यविधी तेवढे वगळले. यादवी युद्धानंतर कॅन्सससारख्या राज्यांनी नशेत असताना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. म्हणजे नशा उतरली की बंदूक परत खांद्यावर. मिसिसिपीतच २०२२ साली मोटारीत गांजाची थोटके आणि दोन भरलेल्या बंदुका सापडल्यावरून एकाला शिक्षा झाली होती. २०२३ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली ती याच आधारावर. जुने कायदे नशेतल्या माणसाला आवरत होते, नित्य पिणाऱ्याला शुद्धीवर असताना निःशस्त्र करीत नव्हते, असे न्यायालय म्हणाले.

निकाल तर्काला धरून आहे. पण हा इतिहास कोणाचा?

ज्या व्हर्जिनियात गोरा लग्नात पिऊन बार काढू शकत होता, त्याच व्हर्जिनियाने १६८० साली निग्रोने बंदूक, तलवार तर सोडाच, सोटा किंवा काठीही बाळगू नये असे ठरवले. तो पिऊन होता की शुद्धीवर, हे कोणी विचारले नाही. दारूचेही तसेच. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात लिहिले आहे की, नाताळ ते नववर्ष या सुट्टीत मालक स्वतः गुलामांना पाजत, कोण जास्त पितो यावर पैजा लावत. हेतू हा की, स्वातंत्र्य म्हणजे हीच गटारातली अवस्था असे त्यांना वाटावे आणि ते निमूट शेतावर परतावेत. तिकडे मूलनिवासींच्या प्रदेशात १८३२ पासून मद्याला केंद्रीय बंदी होती. वंशावर बेतलेली ही बंदी १९५३ मध्ये उठली.

सरकारी पक्षाने या खटल्यांत जुन्या भटकेगिरीच्या कायद्यांचा दाखला दिला. त्यांत ‘सराईत दारुडे’ पकडून कामाला जुंपण्याची सोय होती. मिसिसिपीच्या १८६५ च्या भटकेगिरी कायद्यातही हे दारुडे आहेत. त्यांच्याच रांगेत कायद्याने उभा केला तो काम नसलेला मुक्त कृष्णवर्णीय. दंड भरता आला नाही की शेरीफ त्याला भाड्याने देई. बहुधा जुन्याच मालकाच्या शेतावर! गुन्हेगारांच्या शस्त्रबंदीविषयीच्या २०२३ च्या एका निकालात तर आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मूलनिवासींना शस्त्रे नाकारणारे कायदेही परंपरेचा दाखला म्हणून मांडले. असे काही कायदे आज घटनेत बसणार नाहीत, पण परंपरा समजायला ते उपयोगी आहेत, असा त्याचा युक्तिवाद. पूर्वजांचा अन्याय असा पुरावा म्हणून पुन्हा कामाला येतो.

१९६८ चा कायदा तरी कोणत्या हवेत झाला? १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी माँटगोमेरीत शस्त्रपरवाना मागितला होता; तो नाकारला गेला. ते धर्मोपदेशक होते, व्यसनी नव्हते. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर भरलेल्या बंदुका घेऊन ओकलंडच्या पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईने कायदा बदलला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. पुढच्या वर्षी किंग गोळीला बळी पडले आणि केंद्राचा कायदा आला. आज गांजाचे प्रमाण काळ्या-गोऱ्यांत जवळपास सारखे असूनही २०१८ च्या आकडेवारीप्रमाणे तो बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयाला अटक होण्याचा संभव साडेतीन पटींहून अधिक होता. याच कलमाखाली २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव हंटर बायडन दोषी ठरले. वडिलांनी त्यांना माफी दिली.

बंदुकीची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. पाचवे शील घेतलेल्या वाचकाला दारूची वकिली तर रुचणारच नाही. पण शील आपण आपल्या इच्छेने घेतो. कायदा दुसरा कोणी आपल्यावर घालतो, आणि तो कोणाच्या सवयीला गुन्हा म्हणतो, हे पाहावे लागते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्याच सुमारास आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे-कुलाब्यातल्या आदिवासींना मोहाची फुले साठवणेही अवघड झाले. सरकारी गुत्त्याचा महसूल मात्र वाढायला मोकळा राहिला.

आपल्या कायद्यात मात्र एक गोष्ट अशी आहे, जी अमेरिकेच्या परंपरेत शोधून सापडणार नाही. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम ३(१). अत्याचाराचा संभव असलेले क्षेत्र निश्चित झाल्यावर तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे व नोकरांचे शस्त्रपरवाने आवश्यक वाटल्यास रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, असे खंड तीन म्हणतो. खंड चार बेकायदा शस्त्रे जप्त करायला सांगतो. खंड पाचप्रमाणे जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने देता येतात. ‘आवश्यक वाटल्यास’ हे शब्द तिथे आहेत, आणि वाटणे हे अधिकाऱ्यांकडे आहे. गावात तणाव असेल तर कार्यकर्त्यांनी निवेदनात नुसते ‘संरक्षण द्या’ असे न लिहिता हे खंड आकड्यांसह लिहावेत. स्वतःसाठी बंदूक मागायची नसली, तरी समोरच्याची जमा करा, ही मागणी खंड तीनखाली करता येते.