लोकहित आणि तंत्रज्ञान : सापळ्यातले पतंग मोजण्याचा खर्च

कृत्रिम बुद्धिमत्ता लोकांच्या कामी यावी म्हणून सरकारने काय करावे आणि कंपन्यांवर कोणती बंधने असावीत, हे आधीच्या भागांत पाहिले. राहिला देणगीदार. तो या क्षेत्राच्या जन्मापासून हजर आहे. १९५५ साली जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी डार्टमथ येथील उन्हाळी अभ्यासवर्गासाठी रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले, मिळाले ७,५००. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव रूढ झाले ते त्या अर्जापासून. मात्र देणगीच्या पैशाने कोणते काम होते आणि कोणते त्याच्यावर सोपवू नये, हे समजून घ्यायला मला डार्टमथपेक्षा विदर्भातले कपाशीचे शेत जास्त उपयोगी वाटते.

बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या वाणांतल्या विषाला दाद देणे सोडले आणि २०१७च्या हंगामात तिने महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांचे प्रचंड नुकसान केले. ही अळी अंड्यातून बाहेर पडली की लवकरच पाती, फूल किंवा बोंडात शिरते. डोमकळ्या, म्हणजे न उमललेली मिटकी फुले, दिसू लागतात तेव्हा ती आत सुरक्षित असते, फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अळी शोधत बसण्यापेक्षा तिचे पतंग मोजावे लागतात. शेतात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे आणि एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक नर पतंग आले तर उपाय करायचा, असा कृषी शास्त्रज्ञांचा निकष आहे. ऐकायला सोपा, पाळायला कठीण. सापळ्याच्या पिशवीत मेलेल्या, पंख झडलेल्या पतंगांचा गोळा असतो, त्यात दुसऱ्या किडीही असतात. त्यातला गुलाबी बोंडअळीचा पतंग ओळखून रोज मोजणार कोण? रोमेश आणि सुनील वाधवानी या बंधूंच्या देणगीतून २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी एआय या संस्थेने हे काम हाती घेतले. सापळा पांढऱ्या कागदावर रिकामा करायचा, फोनने फोटो काढायचा, फोन पतंग ओळखून मोजतो आणि फवारणी करावी की थांबावे ते सांगतो. शिवारात रेंज नसली तरी चालावे म्हणून ही प्रणाली आकाराने लहान करण्यावर संस्थेने मेहनत घेतली. २०१९ मध्ये गूगलच्या दानशाखेनेही या कामाला २० लाख डॉलर दिले.

एखाद्या कंपनीने हे का केले नसते? कारण ‘आज फवारू नका’ या सल्ल्यावर कोणाचाही गल्ला भरत नाही. कीटकनाशक विकणाऱ्याला तो परवडत नाही आणि दोन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी त्यासाठी वर्गणी भरू शकत नाही. त्या सल्ल्याचे मोल मात्र जिवाइतके असू शकते. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. मग सरकारने का केले नाही? एका अर्थी केलेच होते. राज्यात २००९पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प आहे, आठ पतंगांचा निकषही सार्वजनिक संशोधनाचाच. पण दोन-तीन हंगाम फसू शकेल अशा प्रयोगावर पैसा खर्चून त्याचा हिशेब लेखापरीक्षकाला देणे अधिकाऱ्याला अवघड जाते. ते फसणे देणगीचा पैसा पचवू शकतो, आणि माझ्या मते त्याचे खरे काम तेवढेच आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, श्रीमंतांनी आपल्या आवडीचे प्रश्न निवडायचे आणि ते समाजावर लादायचे, हा अधिकार त्यांना दिला कोणी? अमेरिकेत हे घडलेले आहे. गेट्स आणि कार्नेगी या संस्थांच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या बळावर २०१३ मध्ये ‘इनब्लूम’ सुरू झाली. राज्याराज्यांतल्या विद्यार्थ्यांची माहिती एका ठिकाणी ठेवून शिक्षकांना उपयोगी साधने द्यायची, हा हेतू चांगला होता. पण मुलांची माहिती कोणाच्या हाती जाणार, हे पालकांना कोणी विचारलेच नाही. ते चिडले, राज्ये एकेक करून बाहेर पडली आणि २०१४ मध्ये संस्था बंद करण्याची घोषणा झाली. ‘पैसा आमचा, निर्णय आमचा’ हे म्हणणे तसेही टिकत नाही. देणगीवर अनेकदा करसवलत मिळते, म्हणजे सरकारी तिजोरीत आला असता असा काही पैसा त्यात असतो. त्याचा जाब विचारण्याचा हक्क सर्वांना आहे.

असा जाब विचारून देणगीवर अटी घातल्या तर देणगीदार पाठ फिरवतील, असेही सांगितले जाते. कपाशीचा अनुभव मला याच्या उलट दिसतो. फवारणी केव्हा करायची हे कोणा दात्याने ठरवले नाही, ते शास्त्रज्ञांनी आधीच ठरवून जाहीर केलेले होते, आणि तरीही देणगी आली. निकष असा जाहीर असल्यामुळे फोनचा सल्ला बरोबर की चूक हे कोणालाही पडताळता येते. माप लोकांचे आणि मोजण्याचा खर्च दात्याचा, ही विभागणी म्हणूनच मला मोलाची वाटते.

खरी अडचण पुढे येते. किडी बदलतात, फोन बदलतात, प्रणालीला नव्या फोटोंवर पुन्हा शिकवावे लागते, गावोगाव प्रशिक्षण द्यावे लागते. या कामाचे उद्घाटन होत नाही, म्हणून त्याला देणगीही सहसा मिळत नाही. दात्याने हात आखडता घेतला त्या वर्षी शेतकऱ्याने कोणाकडे पाहायचे? म्हणून पहिल्याच करारात लिहिलेले असावे की फोटो आणि प्रणाली कृषी विद्यापीठांना खुली राहतील, ठरावीक मुदतीनंतर खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात येईल आणि प्रणाली चालवणारी माणसे तोवर कृषी विभागातच तयार केली जातील. फोन फुकट मोजतो म्हणून गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याचे पद रिकामे ठेवण्याची मुभा सरकारला मिळता कामा नये, कारण सल्ला पटला नाही तर शेतकरी बांधावर आलेल्या माणसालाच विचारणार आहे. असे करार आज सामान्य वाचकाच्या नजरेस सहसा पडत नाहीत. त्यांत काय असायला हवे आणि ते जाहीर करायला लावण्यासाठी माहिती अधिकाराचा कितपत उपयोग होतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.